आधी अक्षता की आधी ॲग्रीमेंट?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. माहेर सांगली, नोकरी पुण्यात एरंडवण्याला, वय 29. साखरपुडा झालाय. लग्न तुळशीची लग्नं आटोपली की मार्गशीर्षात, सांगलीला. मुलगा सिन्नरचा, नोकरी शिरवळच्या एमआयडीसीत. आणि ऐन या गडबडीत आम्हाला एक घर आवडून बसलंय. (ती म्हण कृपया कोणी लिहू नका. घरी दिवसाआड ऐकतेय.)

घर धायरीत. रिसेल, 2 बीएचके, कार्पेट 640 फूट, तिसरा मजला, 2012ची बिल्डिंग. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आहे, सोसायटी नोंदलेली आहे. मालक नवरा-बायको, दोघंही निवृत्त, दिवाळीच्या आत मुलाकडे बंगळूरला जायचंय म्हणून विकतायत. किंमत 62 लाख, घासाघीस करून झालीय. स्वयंपाकघरात त्या काकूंनी ओट्याच्या कडेला पोळपाट उभा राहील एवढाच चिंचोळा कप्पा करून घेतलाय. बाकी सगळं मी कागदावर मांडू शकते, पण खरं सांगायचं तर तो कप्पा बघून मी घर मनातल्या मनात घेऊन टाकलं.

आता पैसे. माझ्या हातात 71 हजार पडतात, त्याच्या 58, पण त्याचा गाडीचा 9,400चा हप्ता चालू आहे. माझी शिल्लक 9 लाख, त्याची साडेसहा. कर्ज 48 लाख तरी लागेल. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं धरली तर लाखामागे 868, म्हणजे हप्ता 41,650च्या घरात. बँकवाला म्हणतो एकट्या मॅडमना 41 लाखांच्या वर जाणार नाही, दोघांचं उत्पन्न धरू, पण मॅरेज सर्टिफिकेट आणा. ते कुठून आणू? दुसऱ्या बँकेने साखरपुड्याचा फोटो चालेल का ते 'वर विचारून सांगतो' म्हटलं. वरून अजून उत्तर आलेलं नाही.

बरं, एकटीच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत 1 टक्का सूट, म्हणजे 62 हजार वाचतात. एजंटची दलालीही 62 हजार. टीडीएस कापायचा तोही 62 हजार. हा आकडा माझ्या पत्रिकेत कुठल्या घरात बसलाय बघायला हवं.

होणाऱ्या सासूबाई स्वभावाने खरंच चांगल्या आहेत, पण त्यांचं म्हणणं घर मुलाच्या नावावर असावं, 'तू काय, येणारच आहेस राहायला.' शिवाय पितृपक्षात कुठलाही व्यवहार करायचा नाही. तो पंधरवडा गेला की मालकांची घाई.

आणि माझे बाबा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. माझ्या लग्नाची म्हणून 12 लाखांची एफडी त्यांनी बाजूला ठेवलीय. बैठकीत खर्च निम्मा-निम्मा ठरला, माणसं दोन्हीकडची मिळून 800. मी म्हटलं, बाबा, 200 माणसांत करू आणि पाचेक लाख घराला द्या. ते चिडले वगैरे नाहीत. कपाटातून आहेराची वही काढली. लाल कापडी बांधणीची, आजोबांच्या वेळेपासूनची. 'पितळी तांब्या 1', 'रु. 11', 'रु. 51 व खण', पुढेपुढे 'रु. 501'. कोणाच्या लग्नात आपण काय दिलं, आपल्याकडे कोणी काय आणलं, सगळं एका अक्षरात, मग बाबांच्या अक्षरात. माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, 'यातलं ज्याला बोलवायचं नाही त्याचं नाव खोड.' मी पेन हातात घेतलं नाही.

एक बारीकशी अडचण राहिली. मालक म्हणतात 6 लाख रोख द्या, ॲग्रीमेंट 56 चं करू, 'तुमचीही ड्युटी वाचेल.'

तर सांगा: नाव एकटीचं की दोघांचं, आणि व्यवहार लग्नाआधी की नंतर? 'लग्न होऊ दे, मग निवांत बघा' हे घरचे सांगतायतच. निवांत बघायला हे घर थांबणार नाही.

धायरीकर जुना

अभिनंदन दोन्हीचं. नावाचं जाणकार सांगतील, मी गल्लीतलं सांगतो.

रविवारी दुपारी घर बघू नका. कामाच्या दिवशी सकाळी नऊला धायरी फाट्यावरून गाडी काढून एरंडवण्याला जाऊन बघा, मग किंमत ठरवा. अहोंचं बरं आहे, नवले पुलावरून खाली लागले की नवीन बोगदा आणि शिरवळ, उलट दिशेने. कंपनीची बस असेल तर खेड शिवापूरच्या टोलचंही टेन्शन नाही. पाण्याचं मात्र सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारू नका, वॉचमनला विचारा. उन्हाळ्यात दिवसाला टँकर किती येतात ते तो खरं सांगेल. मेंटेनन्समध्ये टँकर धरलाय की वेगळी वर्गणी निघते तेही. आणि पार्किंग तुमच्या नावाने कागदावर आहे का, की 'आम्ही इथेच लावतो' आहे, ते बघा.

तो कप्पा छान आहे. मागची भिंत ओल धरते का, हात लावून बघा.

कागदपत्रवाली

मी पुण्यात वकिली करते, दिवसभर साठेखतं (विक्रीचा करार, तुम्ही ॲग्रीमेंट म्हणताय तेच) आणि खरेदीखतंच बघते, म्हणून जरा लांबण लागेल.

रोखीचं आधी, कारण तिथे विचार करण्यासारखं काही नाहीच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हे मालक काकांना शांतपणे सांगा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि तुमचं नुकसान ऐका. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि किंमत म्हणजे ॲग्रीमेंटमधली. ड्युटी-नोंदणी त्यात धरत नाहीत. 62 वर 49.6 लाख मिळू शकतात. 56 वर 44.8. तुम्हाला हवेत 48. म्हणजे ड्युटीचे 42 हजार वाचवायला गेलात तर कर्जच तोकडं पडतं आणि वर 6 लाख रोख उभे करायचे. उद्या घर विकाल तेव्हा तुमची खरेदी 56 चीच धरली जाणार, तो कर वेगळा.

आता लागणारी रोकड मांडते, कारण तुमच्या पोस्टमध्ये ती नाही. कर्ज 48 धरलं तर पदरचे 14 लाख. दोघांच्या नावावर ड्युटी 7 टक्के, 4.34 लाख. नोंदणी फी 30 हजार, त्यावर जात नाही. दलाली 62 हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी जास्तीत जास्त 25 हजार, 'बिल्डिंग फंडाला डोनेशन' मागितलं तर पावती मागा, मागणारा गप्प होतो. वकील, बँकेची प्रोसेसिंग, गहाणाची ड्युटी मिळून अजून थोडं. झाले जवळपास 20 लाख. तुमच्या दोघांकडे साडेपंधरा आहेत. टीडीएसचे 62 हजार यात मिळवू नका, ते मालकांना द्यायच्या रकमेतूनच कापून सरकारजमा करायचे असतात. तुमच्या पत्रिकेतला एक 62 हजार कमी झाला.

जीएसटी नाही, कारण भोगवटा पत्र झालेलं रिसेल घर आहे. हेच बांधकाम चालू असलेलं घर असतं तर 5 टक्के गेले असते आणि ताबा कधी मिळेल हे महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) पानावरच्या तारखेला नमस्कार करून बसावं लागलं असतं. लग्नाच्या वर्षात रिसेल बघताय हे शहाणपणाचं.

नावाचं. बाईला 1 टक्का सवलत 2021 पासून आहे आणि ती सगळे खरेदीदार बायकाच असतील तरच. नवऱ्याचं नाव आलं की गेली. पूर्वी 15 वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती 2023 मध्ये काढली. आता काही जण युक्ती सांगतील की आधी एकटीच्या नावावर घे, लग्नानंतर अर्धा हिस्सा नवऱ्याला बक्षीसपत्राने दे. नवरा-बायकोत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे हे खरं. पण वरचे अधिभार वेगळे, कर्ज चालू असताना बँकेची एनओसी लागते, आणि तोवर तो कुठेच नसतो. तो सहकर्जदार म्हणून सही करेल, हप्ते भरेल, आणि मालकीत शून्य. पुढे जुन्या कररचनेत राहिलात तर व्याजाची वजावटही त्याला मिळणार नाही, कारण ती मालकालाच मिळते. उलट सासूबाई म्हणतात तसं केलं तर हेच सगळं तुमच्या बाबतीत.

माझं मत स्वच्छ आहे. दोन पगारांतून हप्ता जाणार असेल तर कागदावर दोन नावं, आणि हिस्सा लिहून. तुम्ही साठ-चाळीस टाकताय तर साठ-चाळीस लिहा. 'संयुक्त' एवढंच लिहून मोकळं व्हायचं नाही.

मात्र लग्नाआधी दोघांच्या नावे नोंदवायची घाई नको. कायदा अडवत नाही, कोणीही दोघं मिळून घर घेऊ शकतात. पण काही बिनसलंच, देव न करो, तर एकाला बाहेर पडायला हक्कसोडपत्र करावं लागतं आणि त्या हिश्शावर खरेदीसारखीच पूर्ण ड्युटी बसते. आणखी एक, सध्या एकमेकांच्या खात्यात मोठ्या रकमा फिरवू नका. नवरा-बायको आयकराच्या भाषेत नातेवाईक आहेत, वाङ्निश्चय झालेले नाहीत. वर्षात 50 हजारांवर गेलात तर 'लग्नानिमित्त' होतं हे पटवत बसावं लागेल. ज्याने त्याने आपल्या खात्यातून थेट मालकांना चेक द्या. बाबांनी तुम्हाला दिलेल्यावर कर नाही.

आत्ता एवढंच करा: एखाद लाखाचा विसार चेकने, आणि विसार पावतीत 'कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत' हे वाक्य. या एका वाक्यासाठी भांडा.

ठाण्याचा जावई

मुलाकडची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. आमचंही असंच झालं होतं, फक्त घर माझ्या एकट्याच्या नावावर होतं कारण बुकिंग लग्नाच्या आधीचं. बायकोने पहिल्या दिवसापासून निम्मा हप्ता भरला. भांडण कधी झालं नाही, पण मेंटेनन्सचं बिल, मीटिंगची नोटीस, पार्सल, सगळं माझ्या नावाने यायचं आणि ती ते टेबलावर ज्या पद्धतीने ठेवायची ते मला कळायचं. नंतर नाव घातलं. तेव्हा दोन्ही नावं, याला माझं अनुमोदन.

सर्टिफिकेटचं सोपं आहे. वॉर्ड ऑफिसला जाऊन आत्ताच रजिस्टर करून टाका, बँकेला द्या, समारंभ मार्गशीर्षात करा. यादीपे शादीच्या पुढची पायरी समजा.

कागदपत्रवाली

जावईबापू, थोडी दुरुस्ती. वॉर्ड ऑफिसला झालेल्या लग्नाची नोंद होते. भटजींची सही, लग्नाचा फोटो, तीन साक्षीदार मागतात. लग्नच झालेलं नसताना नोंद करणं चालत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली विधींशिवाय नुसत्या सर्टिफिकेटने लग्न होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलंय.

तुम्ही म्हणताय ते करायचा सरळ रस्ता म्हणजे 1954 चा विशेष विवाह कायदा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, 30 दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लावलं नाही तर परत नोटीस. दोघांपैकी एकाचं 30 दिवसांचं वास्तव्य त्या जिल्ह्यात हवं. कृष्णाकाठची, तुमचा पुण्यातला भाडेकरार नोंदवलेला असेल तर तो चालेल. आत्ता श्रावणात नोटीस दिलीत तर पितृपक्षाच्या आगेमागे सह्या, मग कर्जाची मंजुरी, दसऱ्याच्या सुमाराला साठेखत, दिवाळीच्या आत ताबा. मालकांचीही सोय, सासूबाईंचाही पंधरवडा पाळला जातो.

फक्त हे ध्यानात घ्या की त्या सह्या म्हणजे लग्नच. 'बँकेसाठी केलेला कागद' नव्हे. कायद्याने तुम्ही त्या दिवसापासून नवरा-बायको.

नाना, सातारा

पोरी, कागदाचं वर छान सांगितलंय. मी तुझ्या बाबांच्या वयाचा, दोन मुलींची लग्नं केलेला. वहीबद्दल लिहितो.

ती वही म्हणजे तुझ्या बाबांचं खातं आहे. तीस-चाळीस वर्षं एसटीने जाऊन, पंगतीला बसून, पाकीट देऊन त्यांनी ते भरलंय. आता मुलीच्या लग्नात वसूल करायचंय असं नाही, पण त्या माणसांना आपल्या दारात जेवू घालायचंय. तू 200 म्हणालीस तेव्हा तुझ्या तोंडून पैसे निघाले, त्यांच्या कानात नावं गेली. तेव्हा माणसं तोडू नको, थाट तोड. हळदीला वेगळा हॉल, डीजे, ड्रोन, नदीकाठचं ते शूटिंग, स्टेजवरचा धूर, हे वहीत कुठेच नाही. जेवणात पण सतरा काउंटर नकोत. मसालेभात, जिलबी, मठ्ठा, वरणभात, दोन भाज्या. सांगलीकडे आजही साडेतीनशेच्या आसपास ताट बसतं असं आमचे पाहुणे सांगतात. 800 पानं झाली तरी 2 लाख 80 हजार. जास्तीचा पैसा खातात कोण, तर पानाच्या आजूबाजूच्या गोष्टी.

आणि बापाकडे 'पाच लाख द्या' असं मागायचं नाही. आकडा मागितला की बाप हिशेब करतो. वस्तू माग. मुलीला कपाट, फ्रिज, मिक्सर, भांडी देतातच ना? म्हणावं, बाबा, ते रुखवतात मांडायचं नाही, धायरीच्या घरात लावायचं. ड्युटी भरायला येताय का विचार. मुख्याध्यापक माणूस, सरकारी चलन भरायला आवडेल.

आधी सह्या केल्या तर बाबा म्हणतील मग मांडवात कन्यादान कसलं. त्यांना सांग, ज्यांची पोरं परदेशी जातात त्या घरांत व्हिसासाठी असंच करतात, आणि मांडवात कोणी कमी रडत नाही.

सासूबाईंना मात्र तू सांगू नको. त्यांना मुलानं सांगायचं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मध्ये गणपती होते.

नोटीस दिली. 'त्यांनी' सिन्नरला जाऊन आईंशी बोलणं केलं, मी फोनवरही नव्हते. दोन्ही नावांना हो म्हणाल्या, फक्त आधी त्याचं नाव लिहा म्हणतात. बँक म्हणते पगार जास्त म्हणून पहिली अर्जदार मी. शेवटी ॲग्रीमेंटवर तो पहिला आणि कर्जावर मी पहिली असं ठरलं. हिस्सा साठ-चाळीस, माझे साठ, आणि हे आईंना अजून वाचून दाखवलेलं नाही. ते काम त्याच्याकडेच आहे.

रोखीचं काकांना सांगितलं तसं ते म्हणाले, 'एजंटनं सुचवलं होतं.' 62 पूर्ण चेकने. विसार पावतीतल्या त्या वाक्यावर एजंट अर्धा तास बोलला, काकूंनी मधेच 'अहो, लिहा की, पोरं पळून चाललीत का' म्हणून विषय संपवला. कप्प्यामागची भिंत कोरडी आहे. वॉचमन म्हणाला मे महिन्यात दिवसाला तीन टँकर, वर्गणी वेगळी. तेवढं घेऊन चाललोय.

नाना, बाबांशी तुमच्या पद्धतीने बोलले. ड्युटीचं चलन ते भरणार, 4 लाख 34 हजार, सगळं. माझ्या खात्यात पाठवा म्हटलं तर नाही, पुण्याला येऊन माझ्या शेजारी बसून भरायचंय. वर म्हणाले, 'पावती माझ्याकडे राहील.' माणसं 800 ची 700 झाली, तीही सिन्नरकडची कमी झाली. ड्रोन गेला. हळदीचा हॉल अजून वादात आहे, माझी धाकटी बहीण त्या बाजूने लढतेय. सह्यांच्या दिवशी कोणाला बोलवायचं नाही, तिघे साक्षीदार सोडून, असं मी म्हटलं, तर आईने मावशीला सांगून टाकलंय आणि मावशी पेढे आणणार आहे.

कागदपत्रवाली, एक शंका. टीडीएस भरायला बसलो तर साइटवर एका वेळी एकच खरेदीदार आणि एकच विकणारा घेतं. आम्ही दोघं, तेही दोघं. हिस्शांप्रमाणे पैसे जाणार. मग किती वेळा भरायचं?

कागदपत्रवाली

चार वेळा. तुम्ही–काका, तुम्ही–काकू, ते–काका, ते–काकू. काकाकाकूंचा आपापसातला हिस्सा त्यांच्या मूळ ॲग्रीमेंटमध्ये काय आहे ते आधी बघा, लिहिलेला नसेल तर त्यांच्याकडून निम्मा-निम्मा असं लेखी घ्या. चौघांचे पॅन आधारला जोडलेले आहेत ना हे आजच तपासा, नाहीतर एकाऐवजी 20 टक्के कापायची वेळ येते. आणि ज्या महिन्यात कापाल तो संपल्यापासून 30 दिवसांत भरा. मावशींच्या पेढ्यांत विसरू नका.